शेखबाईंचा पेला

रझिया शेख यांच्या तोंडून मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला शब्द म्हणजे "शी!" त्या आमच्या शाळेत इतिहास शिकवायच्या, मी गणित. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या एकवीस वर्षं शेजारी शेजारी होत्या. एवढ्या वर्षांत त्यांना चिडलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं, रडलेलं एकदाही नाही. किळस आलेलं मात्र रोज पाहिलं. झेंडावंदनाला पाहुण्यांनी माइक धरून "आजचे विद्यार्थी हे उद्याचे..." असं सुरू केलं की दुसऱ्या रांगेतून हळूच "शी" यायचं. एका नव्या शिक्षकानं मुख्याध्यापकांच्या वाढदिवसाला त्यांचे पाय धरले आणि तसाच वाकून फोटोसाठी थांबला. बाईंनी तोंडातला चहाचा घोट उठून खिडकीतून बाहेर टाकला. चहा चांगला होता त्या दिवशी, मीही प्यायलो होतो.

"सर," त्या मला म्हणायच्या, "राग आला की माणूस ओरडतो, घटाघटा पाणी पितो आणि विसरतो. किळस विसरत नाही. लहानपणी दुधात झुरळ निघालं असेल, तर म्हातारपणीसुद्धा दूध बघूनच पिता की नाही? इतिहास शिकवायचा म्हणजे पोरांना किळस आली पाहिजे. नुसता अभिमान शिकवून काय होतंय? छाती फुगते, डोकं तिथंच."

बुटक्या, अंगानं भरलेल्या, जाड भिंगांचा चष्मा आणि कायम सुती साडी. पर्समध्ये लवंगांची डबी. विजापूर वेशीकडं घर. डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी, म्हणजे सोलापुरात सगळ्यांच्याच डब्यात असते तीच. मधल्या सुट्टीत आम्ही सगळे एका टेबलाभोवती बसायचो, डबे इकडून तिकडं फिरायचे. शेखबाईंचा डबा तेवढा जागेवरून हलायचा नाही. कोणी "आज माझा उपास आहे" म्हणायचं, कोणी "ॲसिडिटी झालीय" म्हणायचं. एकदा बाई माझ्याकडं वळून शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या देवांचे उपास माझ्या डब्याचं वेळापत्रक बघून येतात काय हो?" मी हसलो. हसण्यासारखंच बोलल्या होत्या. पण त्यांच्या डब्याकडं माझाही हात गेला नाही, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय आणि लाज वाटतेय.

शाळेत दरवर्षी थंडीत नववीची सहल निघायची. अर्जावर बाई "रायगड दर्शन" असं लिहायच्या. रायगड म्हटलं की संस्थेत कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही, डोळे मिटून सही होते. "बाई, तुम्ही आणि रायगड?" असं एका महाशयांनी डोळा मारत विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "का? पायऱ्या काय आडनाव विचारतात?"

रायगडाला त्या पोरांना न्यायच्या, सगळा गड चढून दाखवायच्या, त्यात कसूर नाही. पण त्यांचा जीव होता खाली महाडला, चवदार तळ्यावर. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी त्या तळ्याचं पाणी गुराढोरांना चालत होतं आणि काही माणसांना चालत नव्हतं. मग हजारो माणसं चालत गेली, तळ्यात उतरली आणि ओंजळीनं पाणी प्याली. पुस्तकात त्याच्या चार ओळी आहेत. बाई त्या चार ओळींसाठी पंचेचाळीस पोरांना सोलापुरातून पहाटे उठवून घाट उतरवून न्यायच्या. सोबत एक पुरुष शिक्षक लागतो, म्हणून बहुतेक दरवर्षी मी.

त्या सहलीची एक रीत होती. निघायच्या आधी बसच्या मागच्या दारापाशी निळं पिंप ठेवलेलं असायचं. प्रत्येक पोरानं घरून एक बाटली पाणी आणायचं आणि पिंपात ओतायचं. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळं कोणाचं साठवणीचं, कोणाचं बोअरचं, कोणाचं फिल्टरचं, कोणाचं शेजारच्या गल्लीतून मागून आणलेलं. सगळं एकत्र. पिंपातून कळशी भरायची, आणि कळशीबरोबर एकच पेला. स्टीलचा, एका कडेला पोचा आलेला. त्यावर नाव कोरलेलं होतं, पण घासून घासून ते वाचता येत नव्हतं. हजेरीच्या क्रमांकानं पाळी लागायची. ज्याची पाळी त्यानं बसमध्ये फिरून सगळ्यांना पाणी द्यायचं, शिक्षकांना आणि ड्रायव्हरलासुद्धा. आणि वरून ओतून प्यायचं नाही. पेल्याला ओठ लावायचे. पाळीवाल्यानं पेला विसळून पुढच्याला द्यायचा.

पहिल्याच वर्षी आमचे ड्रायव्हरमामा अडले. "मॅडम, मला वरनंच प्यायची सवय हाय. लहानपणापासनं."

"मग आज नवीन शिका की मामा. बस चालवायला शिकलाच की."

"अवो पर..."

"वरून पिणारा लगेच ओळखू येतो," बाई पोरांकडं वळून म्हणाल्या. "रस्त्यात खड्डा आला की शर्ट ओला. ओठ लावून पिणारा कोरडा राहतो. बघा आता."

मामांनी ओठ लावले. टेंभुर्णीच्या पुढं खड्डे लागले आणि लपूनछपून वरून पिणाऱ्या तीन पोरांचे शर्ट भिजले. सगळी बस ओरडली. मी ओरडलो नाही, कारण माझ्या मांडीवर थर्मास होता. मला गरम पाणी लागतं, घशाचा त्रास आहे, असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. बाईंनी थर्मासकडं एकदा बघितलं आणि पर्समधून लवंग काढून तोंडात टाकली. पुढं किती तरी सहली झाल्या, थर्मास दरवेळी होता, आणि घशाला मला कधी काही झालेलं नव्हतं.

एका वर्षी एक मुलगा अडून बसला. चांगल्या घरचा, शिकवणीला जाणारा. पिंपात पाणी ओतलं त्यानं, पण प्यायचा नाही म्हणाला. आईनं सांगितलंय म्हणे. बाईंनी सक्ती केली नाही. "ठीक आहे. तू पीत नाहीस तोवर मीही नाही," म्हणाल्या आणि खरंच बसल्या तशाच. इंदापूर गेलं, भोर गेलं. दोघंही हट्टी. वरंध घाट लागला आणि त्या पोराला ओकारी आली. खिडकी उघडेपर्यंत पुढच्या सीटवर, बाईंच्या साडीवर, सगळीकडं. पोरं नाकं दाबून मागं पळाली. बाईंनी बस थांबवली, पोराला खाली उतरवलं, कळशीतलं पाणी ओंजळीत घेऊन त्याचं तोंड धुतलं, चूळ भरायला लावली. मग पेला भरून त्याच्यापुढं धरला.

"आता तर ओठाला लागलंच की रे. पी."

तो प्यायला. मग त्याच पेल्यानं बाई दोन पेले प्यायल्या, आणि साडी पिळत मला म्हणाल्या, "ह्या ओकारीची मला किळस येत नाही, सर. ही धुतली की जाते."

तळ्यावर गेलं की त्या पोरांना पायऱ्यांवर बसवायच्या. नेमकी तिथं कुठल्या ना कुठल्या शाळेची दुसरी सहल आलेली असायची. त्यांचे सर पोरांना रांगेत उभं करून घोषणा द्यायला लावायचे, सगळ्यांचे हात वर, एक फोटो, की संपलं. प्रत्येक पोराच्या हातात सीलबंद पाण्याची बाटली. ज्या पाण्यासाठी माणसांनी डोकी फोडून घेतली, त्या पाण्याकडं पाठ करून ही पोरं बाटलीतलं पाणी पीत सेल्फी काढणार, आणि रिकाम्या बाटल्या पायरीवर ठेवून वडापावाकडं पळणार. "शी, शी, शी," बाई म्हणायच्या. आमच्या पोरांना त्या बाटल्या उचलायला लावायच्या आणि मग सुरू करायच्या.

"नेत्याचं नाव सांगा." सगळी पोरं एकदम सांगायची. "बरं. त्यांच्या मागून पाण्यात उतरलेल्या एका तरी माणसाचं नाव सांगा." सगळी गप्प. "एका बाईचं? एका म्हाताऱ्याचं? नाही ना. म्हणून मी तुम्हाला ते पहिलं नाव कधीच विचारणार नाही. ते तुम्हाला झोपेतसुद्धा येतं."

मग त्या पुढचं सांगायच्या. माणसं पाणी पिऊन गेली. त्यानंतर गावातल्या लोकांनी तळं शुद्ध करून घेतलं. शेण आणि गोमूत्र घातलेल्या घागरी पाण्यात ओतल्या, मंत्र म्हटले, आणि मग ते पाणी स्वतः प्याले. "माणसाच्या ओंजळीची किळस आली, शेणाची नाही आली. आता सांगा, शी कशाला म्हणायचं?" पोरं तोंड वेडंवाकडं करायची. बाई समाधानानं मान डोलवायच्या. त्यांना तेवढंच हवं असायचं.

आणि मग तो घरचा अभ्यास. सहलीआधी आठवडाभर त्यांनी पोरांना एक गोष्ट शोधून ठेवायला सांगितलेली असायची: आपल्या घरात कोणाचा कप वेगळा आहे? कोणाची ताटली वेगळी आहे? वहीत लिहायचं नाही, तळ्यावर येऊन तोंडानं सांगायचं. पहिलं स्वतः बाई सांगायच्या, दरवर्षी तेच.

"मी केमची. तिथं स्टेशनजवळ आमचं घर. शांता माझी मैत्रीण, बौद्धवाड्यातली. ती आमच्याकडं आली की माझी आई तिला कानतुटक्या कपात चहा द्यायची. तो कप चुलीमागं उपडा ठेवलेला असायचा. आमच्या घरात, बरं का. ज्यांच्या हातचं अर्धं गाव पाणी पीत नव्हतं, त्या आमच्या घरात. शांतानं एकदा विचारलं, 'रझिया, ह्यो कप दरवेळी मलाच का गं?' मी म्हणाले, 'तुला आवडतो म्हणून.' मला ठाऊक होतं का ते. तरी मी तसं म्हणाले. शांता चहा सगळा प्याली आणि कप स्वतः धुऊन ठेवला."

एवढं सांगून त्या चष्मा पुसायच्या आणि म्हणायच्या, "हं, आता हजेरी नंबर एक."

पोरं खरं बोलतात. मोठ्यांना ते सोसत नाही एवढंच. कोणी सांगायचं, आमच्या मोलकरणीचा कप वॉशिंग मशीनच्या मागं असतो. कोणी सांगायचं, कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना आजी पाणी वरून ओतते, त्या ओंजळीनं पितात. एका वर्षी एक किडकिडीत मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, आमच्या घरी कुणाचा कप वेगळा न्हाय. आमीच दुसऱ्यांच्या घरचा वेगळा कप हाय." बाईंनी तिला जवळ बोलावून पुढं बसवलं.

शेखबाई आमच्या घरीही यायच्या. पेपर तपासायला, कधी निकालपत्रकं जुळवायला. सुनंदा, माझी बायको, चहा छान करते. बाई दरवेळी मागून दुसरा कप घ्यायच्या. आमच्याकडं सहा पांढऱ्या कपांचा सेट होता, आणि एक निळ्या फुलाचा एकटा कप. बाईंना निळ्या फुलाचा. तो कपाटात खालच्या फळीवर असायचा, पाहुण्यांच्या कपांपासून लांब. मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. सुनंदानं कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. माझ्या वळसंगच्या घरात असंच चालायचं आणि मी शहरात आलो तेव्हा ते माझ्या मागं मागं आलं. बाईंच्या तळ्यावरच्या कथा ऐकून मी मान डोलवायचो आणि घरी आलो की ती फळी रोज बघायचो.

मग साथीची ती वर्षं आली. शाळा बंद, सहली बंद. शाळा उघडली तेव्हा लोकांच्या तोंडी एक नवा शब्द आला होता, हायजीन. जुन्या विटाळाला इतकं स्वच्छ, इस्त्री केलेलं नाव मिळेल असं वाटलं नव्हतं. जे सांगताना आजीचीही जीभ अडखळायची, ते आता पालक सभेत उभं राहून इंग्रजी वळणानं सांगू लागले. "मॅडम, एक पेला सगळ्यांना? आफ्टर ऑल हायजीन हाय की नाही?" बाई म्हणाल्या, "विसळायला गरम पाणी आणि साबण ठेवते. ओठ मात्र लावायचे." सहल निघाली. त्या वर्षी नववीत माझी मुलगी होती, मुक्ता.

तळ्यावर हजेरी सुरू झाली. मी मागं झाडाखाली थर्मास घेऊन उभा होतो. मुक्ताचा नंबर सव्विसावा. ती उठली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"आमच्या घरी एक कप वेगळा आहे," ती म्हणाली. "खालच्या फळीवर. मी आईला विचारलं हा कोणाचा. आई म्हणाली, शेख मॅडमचा. मी विचारलं त्यांनाच का? आई म्हणाली, त्यांना आवडतो तो."

माझ्या हातातल्या थर्मासचं झाकण खाली पडलं आणि पायऱ्यांवरून गडगडत गेलं. सगळ्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. बाई सोडून.

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "निळ्या फुलाचा. आतल्या बाजूनं बारीक तडा गेलाय त्याला. चहा मात्र चांगला करते हं तुझी आई." मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "खरं बोललीस. खाली बस. नंबर सत्तावीस."

परतीच्या बसमध्ये पाण्याची पाळी मुक्ताची होती. ती एकेका सीटपाशी थांबत मागून पुढं येत होती. मी डोळे मिटून घेतले, मान कलती केली आणि झोपेचं सोंग घेतलं. ती माझ्याजवळ येऊन थांबली. पेल्यातलं पाणी हिंदकळल्याचा आवाज मला ऐकू आला. मग ती पुढं गेली.

घरी आल्यावर तिनं भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या फळीवरून निळ्या फुलाचा कप काढला आणि त्यात स्वतःचा चहा ओतून घेतला.

"अगं, हे काय? त्यात पितेस?" सुनंदा ओरडली.

"का? काय आहे त्यात?"

सुनंदानं माझ्याकडं बघितलं. मी पेपर वर केला. आमच्या घरात त्या प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही, आणि ती अजून त्याच कपात चहा पिते.

पंधरा दिवसांत तक्रार आली. काही पालकांनी मिळून अर्ज दिला. मुलांना घरातल्या खाजगी गोष्टी चव्हाट्यावर मांडायला लावतात, घराण्यांची बदनामी करतात, एका पेल्यानं पाणी पाजून आरोग्याशी खेळतात. शिवाय, शेवटी लिहिलं होतं, त्यांचा स्वतःचा समाज बघता त्यांनी दुसऱ्यांच्या चालीरीतींत का पडावं. शी. अर्ज वाचून मीही तेच म्हणालो. मुख्याध्यापकांनी बोलावलं. "सर, तुम्ही सोबत होता. तेवढं दोन ओळींत लिहून द्या. बाईंनी मुलांवर दबाव टाकला की मुलं आपणहून बोलली, एवढंच. मुलं आपणहून बोलली असं तुम्ही लिहिलंत, तर अर्ज फाइलीत जाईल आणि सहल चालू राहील. बाईंची दोनच वर्षं राहिलीत निवृत्तीला."

एवढंच होतं हो. दोन ओळी. माझी स्वतःची मुलगी आपणहून बोलली होती, माझ्या कानांनी ऐकलं होतं. पण ते लिहायचं म्हणजे काय बोलली तेही कोणीतरी विचारणार. मग कप कोणाचा, कोणाच्या घरचा, सगळं स्टाफरूममध्ये. मी टेबलावर अर्धा तास बसलो आणि लिहिलं: "सदर प्रसंगी मी बस लावण्याच्या व्यवस्थेत असल्याने मुलांचे बोलणे मला ऐकू आले नाही." खाली सही केली, व्यवस्थित, तारखेसह. माझ्या आयुष्यात मी इतकं स्वच्छ अक्षर काढलेलं नाही.

सहल बंद झाली. बाईंना ताकीद मिळाली. त्यांना फाइल दाखवली असणार, कारण दुसऱ्या दिवशी खुर्चीवर बसताना त्या म्हणाल्या, "गणिताचे मास्तर, पण सरकारी मराठी काय सुंदर लिहिता हो. 'सदर प्रसंगी'." आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडं सरळ बघून, "शी."

पुढच्या थंडीत नववीची सहल एका वॉटर पार्कला गेली. सोबत मीच होतो. एका हौदात दोन-दोनशे माणसं डुंबत होती, कोण कुठला कोणाला ठाऊक. पोरांच्या नाकातोंडात ते पाणी जात होतं, तेच चूळ भरून एकमेकांवर उडवत होती. सोबत आलेले दोन पालक, त्या अर्जावर सह्या केलेले, अर्ध्या चड्डीत त्याच पाण्यात पोट वर करून तरंगत होते. हायजीन कोणालाच आठवलं नाही. मी काठावर बसून होतो आणि मला सारखं थुंकावंसं वाटत होतं.

त्यानंतर बाई आमच्या घरी कधी आल्या नाहीत. शाळेत बोलायच्या, कामापुरतं. निवृत्तीच्या दिवशी हॉलमध्ये शाल, श्रीफळ, भाषणं. अर्जाच्या बाजूनं बोलणाऱ्यांनीच "आदर्श शिक्षिका" म्हणून डोळे टिपले. चहा आला तो कागदी कपांत, सगळ्यांना सारखाच. बाईंनी हातातला कप फिरवून फिरवून बघितला. "चला, हे बरं झालं," शेजारच्या मुलीला म्हणाल्या. "आता सगळ्यांचाच कप वेगळा." चहा न पिता त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि शाल न घेता निघून गेल्या. शाल मी घरी पोचवायची असं ठरलं होतं. मी ती शिपायाकडून पाठवली.

गेल्या थंडीत एका संध्याकाळी मुक्ता म्हणाली, "बाबा, उद्या सकाळी महाडला चाललेय. शेख मॅडम नेतायत. आमची जुनी पोरं-पोरी आहेत दहा-बारा. एसटीनं." बाई दरवर्षी जात होत्या म्हणे, शाळा नाही तर नाही, जे येतील त्यांना घेऊन. हे मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "मी सोडतो स्टँडवर." सकाळी तिनं घरच्या पाण्याची बाटली भरून घेतली. मी थर्मास घेतला नाही. स्कूटरवर वाटभर मी मनाशी एकच घोकत होतो: आज पाणी मागायचं, ओठ लावायचे, सगळ्यांसमोर.

स्टँडवर उजाडलं होतं. फलाटावर तीच कळशी, तोच पोचा आलेला पेला. पोरं आपापल्या बाटल्या कळशीत रिकाम्या करत होती. बाई एसटीत खिडकीपाशी बसल्या होत्या, केस पुष्कळ पांढरे झालेले. मला बघून त्यांनी मान हलवली, राग नाही, काही नाही. पाळी पहिली मुक्ताचीच होती. तिनं सगळ्यांना पाणी दिलं, हात उंच करून खिडकीतून बाईंना दिलं, मग पेला विसळून, भरून माझ्यापुढं धरला. सगळी पोरं माझ्याकडं बघत होती. ज्याच्यासाठी मी आलो होतो ते माझ्या हातात होतं.

मी पेला घेतला आणि प्यायलो.

पाणी गार होतं. गळ्यापासून खाली छातीपर्यंत गार गेलं, बनियनमध्ये शिरलं, तेव्हा मला कळलं की माझी मान मागं गेलेली आहे, तोंड आ वासलेलं आहे आणि पेला ओठांपासून चांगला वीतभर वर आहे. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी अडवलं नव्हतं. हात आपोआप वर गेला होता.

मुक्तानं माझ्या हातातून पेला काढून घेतला. उरलेलं पाणी ती ओठ लावून प्याली आणि गाडीत चढली. कंडक्टरनं बेल दिली. खिडकीतून बाईंनी माझ्याकडं नीट बघितलं, चष्मा वर सरकवून, वर्गात एखाद्याचं उत्तर चुकल्यावर बघायच्या तसं.

"सर," त्या म्हणाल्या, "शर्ट ओला झाला तुमचा."